रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, त्यात चष्मा. फ्लिप-अप हेल्मेट कोणतं घेऊ?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: महिन्यातून एकदा पुण्यालाही गाडीवरच जाता, फुल-फेस (तोंडही झाकणारं, पण न उघडणारं हेल्मेट) घालता-काढताना चष्म्याची काडी कानावर घासते, आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. म्हणून आता फ्लिप-अप, म्हणजे हनुवटीसमोरचा भाग (जबडा) वर उघडणारं हेल्मेट, घ्यायचं ठरवलंय.

यातली दोन दुखणी वेगळी आहेत. चष्म्याचं दुखणं फ्लिप-अपने नक्की जाईल. पुढचा जबडा वर करायचा, हेल्मेट चढवायचं, मग चष्मा सरळ आत सरकवायचा. कपाळाचं दुखणं मात्र हेल्मेट उघडतं की नाही यावर नसतं, तुमच्या कवटीचा आकार आणि हेल्मेटच्या आतला आकार जुळतो का यावर असतं. ते जुळलं नाही तर फ्लिप-अपमध्येही तेच कपाळ, तोच ठणका, वर पैसे जास्त.

हे मी स्वतः करून बसलोय. मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट सगळं गाडीवर. पहिलं फ्लिप-अप ऑनलाइन मागवलं. डोकं ५९ सेंटिमीटर, तक्त्यात ५९-६० म्हणजे एल, म्हणून एल. घरात आरशासमोर दोन मिनिटं घातलं, एकदम झकास. पंढरपूरला निघालो आणि मोहोळ येईपर्यंत भुवयांच्या वर कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायला लागलं. चहाला थांबून काढलं तर कपाळावर रुपयाएवढा लाल वण. परत पाठवून एक्सएल घेतलं. कपाळ थांबलं, पण आता मागचं बघायला मान वळवली की डोकं वळायचं आणि हेल्मेट तिथंच. डोळ्यांसमोर काचेची कड. म्हणजे आधी दुखत होतं, आता धोक्याचं झालं.

चूक साइझची नव्हतीच. माझं डोकं पुढून मागे लांबट आहे आणि ते हेल्मेट आतून गोल होतं. लांबट डोकं गोल हेल्मेटात घातलं की कपाळ आणि मागची बाजू दाबली जाते, कानांच्या वर मात्र पोकळी राहते. गोल डोकं लांबट हेल्मेटात घातलं तर उलटं: कानशिलं आवळतात आणि कपाळापुढे बोट जाईल एवढी जागा. तुमचं कपाळच दुखतंय म्हणजे बहुधा तुम्ही माझ्याच जातीचे. खात्री करायची तर केस ओले करून चापून बसवा आणि घरातल्या कोणाला तरी वरून डोक्याचा फोटो काढायला सांगा. बायको हसेल, हसू दे.

माप घेताना शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे जिथं डोकं सगळ्यात फुगीर आहे तिथून फिरवा. तीनदा घ्या, मोठा आकडा धरा. पण हा आकडा फक्त दुकानदाराला पहिलं हेल्मेट कुठलं काढायचं ते सांगण्यापुरता. एका कंपनीचं एल दुसरीच्या एमएवढं निघू शकतं.

खरी परीक्षा दुकानात, आणि तिला अर्धा तास लागतो. घातल्यावर गाल आत दाबले जाऊन तोंड गालगुंड झाल्यासारखं दिसलं पाहिजे. दुकानदार ‘सैल होईल नंतर’ म्हणतो ते गालांच्या बाबतीत खरं आहे, ती पॅडं पंधरा-वीस दिवसांत बसतात. कपाळाच्या बाबतीत त्याचं ऐकू नका, कारण तिथल्या पातळ अस्तरामागे लगेच कडक थर्माकोल असतो आणि तो बसत नाही. मग पट्टा लावा, जबडा बंद करा, हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवा. गालाची आणि कपाळाची कातडी सोबत ओढली गेली तर बरोबर, हेल्मेट नुसतं घसरलं तर सैल. मागच्या कडेला हात घालून पुढे उलथवून बघा, पट्टा लावलेला असताना ते निघता कामा नये. हनुवटी जबड्याला टेकते का तेही बघा. काही फ्लिप-अप पुढून आखूड असतात. एवढं झालं की काढू नका. वीस-पंचवीस मिनिटं तसंच घालून दुकानात बसा, फोनवर बोला. काढल्यावर कपाळावर एका जागी लाल वण असेल तर ते हेल्मेट तुमचं नाही, कितीही आवडलेलं असो.

चष्मा सोबत न्यायचाच, आणि तोच, रोजचा. काड्या सरळ असल्या तर जास्त सोपं. जबडा उघडा असताना चष्मा आत जातो म्हणून खूश होऊ नका, बंद केल्यावर कानशिलावर काडी टोचते का ते बघा. काही हेल्मेटांच्या पॅडमध्ये काडीसाठी खाच ठेवलेली असते, ती असेल तर उत्तमच.

आता फ्लिप-अपची खास भानगड: खटका. जबडा दोन्ही बाजूंनी अडकतो, आणि दोन्ही बाजूंनी अडकलाय का हे बघायची सवय लागायला मला एक झटका खावा लागला. लांबोटीला चिवडा घ्यायला थांबलो होतो. निघताना एका हाताने जबडा खाली ओढला, खट वाजलं, निघालो. वाजलं होतं एकाच बाजूचं. साठच्या स्पीडला समोरून ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने जबडा वर उचकला आणि छत्री उलटी व्हावी तसं डोकं मागे खेचलं गेलं. पडलो नाही, एवढंच. तेव्हापासून बंद केलं की हनुवटीखाली हात घालून वर ढकलून बघतो. आपल्याकडची धूळ त्या खटक्यात बसते, महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडून घ्या. दुकानातसुद्धा दहा वेळा उघड-मीट करा, हातमोजे घालून. अडखळलं तर ठेवून द्या.

उन्हात जबडा वर करून गाडी चालवणारे आपल्याकडे पोत्याने आहेत. एप्रिलात ४३-४४ डिग्रीला मलाही मोह होतो. पण उघड्या जबड्याने पडलात तर तोंड वाचवायला काही उरत नाही. काही हेल्मेटांच्या पट्ट्याला शिवलेल्या युरोपियन लेबलवर पी/जे अशी अक्षरं असतात. ती असली तर ते बंद आणि उघडं अशा दोन्ही अवस्थांत तपासलेलं असतं. नसली तर उघडा जबडा सिग्नलला, पेट्रोल पंपावर आणि चहाच्या टपरीवर. मागे आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा आकडा हवाच, जून २०२१ पासून त्याशिवायचं विकायलाच बंदी आहे.

वजनही हातात तोलून बघा. खटक्यामुळे फ्लिप-अप जड होतं, दीड किलोच्या वर सहज जातं. चिंचोळीपर्यंत ते कळणार नाही, पुण्याला जाताना भिगवणपर्यंत मानेला कळेल. आवाजही साध्या फुल-फेसपेक्षा थोडा जास्त येतो, सांध्यातून वारा शिरतो.

आतली काळी काच हवी का? गंमत बघा, तुम्ही सकाळी पश्चिमेला जाता आणि संध्याकाळी पूर्वेला येता, ऊन दोन्ही वेळा पाठीवर. मी अक्कलकोटला जातो तेव्हा दोन्ही वेळा डोळ्यांत. मला ती हवीच, तुम्ही तिच्यासाठी पैसे वाढवू नका. त्यापेक्षा अस्तर काढून धुता येतं का ते बघा. मे महिन्यात आठ दिवसांत त्याला वास मारतो. मी टेरी टॉवेलचा एक छोटा नॅपकिन डोक्यावर टाकून हेल्मेट घालतो, सोलापुरात राहून त्याची काय कमतरता! फक्त दुकानात ट्रायल घेतानाही तो डोक्यावर हवा, नाहीतर माप चुकतं.

नावं विचारलीत म्हणून: स्टड्स, व्हेगा, स्टीलबर्ड यांची दोन हजारांच्या आसपास सुरू होतात, एसएमके आणि एलएस२ त्याच्या बरीच वर. माझं सध्याचं एसएमके आहे, पण ते माझ्या डोक्याला बसलं म्हणून. तुमच्या डोक्याला दोन हजारांचं बसलं तर तेच घ्या. उरलेल्या पैशांत एक जास्तीची काच घेऊन ठेवा, धुळीने दीड-दोन वर्षांत चरे पडतातच.

रविवारी जाऊ नका, गर्दीत अर्धा तास कोणी घालून बसू देत नाही. आठवड्यात दुपारी दोन-अडीचला जा, दुकानं पेंगत असतात. पैसे द्यायच्या आधी एवढं विचारून घ्या, की गालाची पॅडं जाड-पातळ बदलून मिळतात का आणि न वापरता दोन दिवसांत परत आणलं तर बदलून देणार का. बिलावर लिहून घ्या.