लिथियमच्या शेअरसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : मी नागपूरला असतो, दोन वर्षांनी रिटायर होईन. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकजण रोज सांगतोय की जम्मूत लिथियम सापडलंय, सरकारने मिशन काढलंय, आत्ताच खाणीवाला छोटा शेअर घेऊन ठेवा, पाच वर्षांत दहापट होतो. एफडी मोडली तर ३ लाख हातात येतात. टाकू का? आणि आपली मँगनीज काढणारी मॉईल कशी आहे?

उत्तर : आधी एफडी मोडू नका, मग बाकीचं बोलू.

जम्मूतल्या रियासीत लिथियम सापडल्याची बातमी आली फेब्रुवारी २०२३ मध्ये, ५९ लाख टन. पण हा आकडा लिथियमचा नाही, लिथियम असलेल्या खनिजाचा आहे, आणि तोही सुरुवातीच्या पाहणीवरून काढलेला अंदाज आहे, म्हणजे खाली नक्की किती आहे आणि ते परवडेल अशा खर्चात निघेल का हे अजून ठरायचंच होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने तिथला ब्लॉक, म्हणजे खाणीसाठी आखलेला भाग, लिलावात काढला, पुरेसे बोलीदारच आले नाहीत म्हणून मार्च २०२४ मध्ये लिलाव रद्द झाला, परत काढला तर तोही फिसकटला. ज्यांच्या पदरी स्वतःचे जिओलॉजिस्ट आहेत अशा कंपन्या जिथे थांबल्या तिथे आपण रिटायरमेंटचा पैसा का घालायचा, मला हे खरंच कळकळीने सांगायचंय.

बरं, खाण निघालीच तरी भाव कुणाच्या हातात नाही. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट, म्हणजे बॅटरीसाठी विकलं जाणारं लिथियम, २०२२ च्या शेवटी टनाला जवळपास ६ लाख युआनला गेलं होतं, २०२४ मध्ये १ लाखाच्या खाली आलं. आणि नुसतं खणून भागत नाही, ते शुद्ध करायचे कारखाने लागतात, तिथे चीन कितीतरी पुढे आहे.

मिशन खरं आहे, राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन, म्हणजे देशाला अत्यंत गरजेच्या खनिजांसाठीचं, त्याला जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींची मंजुरी मिळाली, आणि देशासाठी ते हवंच होतं असं माझं मत आहे. पण त्यातला पैसा शोधकाम, रिसायकलिंग, परदेशातल्या खाणी अशा कामांना जाणार, त्या ग्रुपवरच्या कंपनीला त्यातलं काही मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही.

मॉईल चांगली चालती सरकारी कंपनी आहे, पण मँगनीज केंद्राने २०२३ मध्ये जी ३० क्रिटिकल खनिजांची यादी काढली त्यात नाही, ते मुख्यतः स्टीलला लागतं, म्हणून स्टीलचा धंदा मंदावला की मॉईलही मंदावते. तांबं मात्र यादीत आहे. गोंदियापलीकडे बालाघाटात मलाजखंडची खाण आहे ना, ती हिंदुस्तान कॉपरची, तिथे आज खरोखर माल निघतो. पण तो शेअरही तांब्याच्या जागतिक भावाबरोबर जोरात वरखाली होतो. रेअर अर्थवाली (म्हणजे चुंबक वगैरेंना लागणाऱ्या खास धातूंची) आयआरईएल पूर्ण सरकारी आहे, शेअर बाजारात नाहीच, तेव्हा कुणी तिचे शेअर देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या.

हौस असेलच तर एफडीला हात न लावता दरमहा पगारातून दोन-तीन हजार, तेही जिची खाण चालू आहे अशा कंपनीत. ग्रुपवरच्या कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा आणि दोनच गोष्टी बघा, खाणपट्टा कंपनीच्या नावावर आहे का आणि मागच्या वर्षी किती टन माल काढला. नुसतं कंपोझिट लायसन्स असेल तर ते आधी शोधायचं आणि सापडलं तर खणायचं लायसन्स आहे, त्यात वर्षं जातात, आणि तुम्हाला पैसे दोन वर्षांनी लागणारेत.