सोमवारी घारापुरी, बुधवारी राणीबाग

"मॅडम, झोपच लागत नाही. लागली तरी तीनला जाग येते, मग पहाटेपर्यंत टक्क डोळे."

कधीपासून, असं विचारलं. महिना झाला म्हणाल्या. महिन्यापूर्वी घरात काय झालं होतं? काहीच नाही. आजारपण नाही, भांडण नाही, कर्ज नाही. बरंच बोलून झाल्यावर, उठता उठता त्या म्हणाल्या, "म्हणजे, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला चाललोय. पण त्याचं काय एवढं!"

त्यांना मी परत बसवलं.

मी समुपदेशक. लातूरला माझ्याकडे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधी अशी एक-दोन कुटुंबं येतातच. 'मुंबईची भीती वाटते' असं कुणी म्हणत नाही, कारण ते म्हणायचीच लाज वाटते. सगळं जग जाऊन येतं, शेजारची पोरं तिथं नोकरीला आहेत, मग आपल्यालाच काय झालंय? त्यामुळे तक्रार झोपेची असते, डोकेदुखीची असते, नवऱ्याच्या चिडचिडीची असते. या घराची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील मी बदललेत. नावांची गरज नाही. ताई, त्यांचे शिक्षक यजमान म्हणजे सर, सासूबाई म्हणजे आजी, नववीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी, एवढं पुरे.

पहिल्या भेटीत मी चूक केली. ताईंना दीर्घश्वसन शिकवलं, रात्री झोपण्याआधी करायला सांगितलं आणि घरी पाठवलं. आठवड्याने आल्या. श्वसन अगदी नेमाने केलं होतं, आणि सोबत बरोबर न्यायच्या सामानाची चार पानी यादी आणली होती. तीत दोन किलो शेव, टॉर्च, दोरी आणि शिट्टी. दोरी कशाला? "गर्दीत धाकटीला माझ्या कमरेला बांधायला." हे सांगताना त्या हसल्या नाहीत. गर्दीत मुलीचा हात सुटतो, लोकलचं दार बंद होतं, आणि मुलगी आत राहते. रोज रात्री तीन वाजता त्यांना हेच दिसायचं. (मुंबईच्या बहुतेक लोकलना दारं बंद होतच नाहीत, पण रात्री तीनच्या भीतीला हे कोण सांगणार!)

पुढच्या वेळी मी सगळ्यांनाच बोलावलं. सर प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं वेळापत्रक घेऊन आले. तीन दिवस, सतरा ठिकाणं, प्रत्येकाला ठरलेली वेळ, आणि दुपारी चक्क 'मधली सुट्टी'. रंगीत पेनांनी आखलेलं, सुवाच्य, एकदम झेडपीच्या शाळेतलं. सोमवारी घारापुरीची लेणी, मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी राणीबाग.

मला हसू आलं आणि लपवता आलं नाही. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीबाग बुधवारी बंद असते. आणि सिद्धिविनायकाला मंगळवारी जी रांग असते ती पाहून गणपतीलाही दमायला होत असेल. सतरा ठिकाणांचा इतका अभ्यास, आणि तिन्ही वार नेमके उलटे.

सरांचा चेहरा उतरला. मी माफी मागितली, मनापासून. कारण त्या क्षणी मी तेच केलं होतं ज्याची त्यांना सगळ्यात जास्त भीती होती, हे मला नंतर कळलं. डीएडला असताना ते एकदा मुंबईला गेले होते, एकटे. स्टेशनबाहेर एका टॅक्सीवाल्याने हाक मारून बसवलं, मीटर न टाकता गोल गोल फिरवलं आणि खिशातले बहुतेक पैसे काढून घेतले. उतरल्यावर कळलं, जायचं ठिकाण स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर होतं. वीस वर्षं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आता पोरांसमोर पुन्हा कुणी आपल्याला खुळ्यात काढू नये, म्हणून ते पाकिटातलं वेळापत्रक. घरात कुणी "मग जेवायचं कुठं?" एवढं विचारलं तरी ते उसळायचे. विचारणाऱ्याला वाटायचं, सर रागीट आहेत.

मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. एका बाजूला, काय घडेल अशी भीती वाटते. दुसऱ्या बाजूला, काय एक पाहायचंय. एकच. आजींना लिहिता येतं, पण म्हणाल्या, "तू लिही, मी सांगते तुझ्या कानात."

कानात सांगितलं ते असं, की लघवीला कुठं जायचं? गुडघे दुखतात, भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठता येत नाही, साखरेमुळे घडोघडी जावं लागतं. तुळजापूरला जाताना त्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात, तशी मुंबईला तीन दिवस तोडायची त्यांची तयारी होती. साखर असलेल्या पासष्टीच्या बाईने तीन दिवस पाणी न पिता उन्हात फिरायचं! आणि हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. सून वयाने मोठी झाली तरी असलं बोलायचं कसं, आणि मुलाला तर नाहीच. सगळ्या सहलींच्या नियोजनात पहिला प्रश्न हाच असायला हवा असं माझं ठाम मत आहे, आणि तो कधीच कुणाच्या यादीत नसतो.

मुलाची भीती होती, आई लोकलमध्ये मोठ्याने बोलेल आणि सगळे बघतील. ताईंना ते लागलं. पण तो नववीत आहे. त्या वयात आई नुसती श्वास घेते तरी लाज वाटते. त्याला पाहायचं होतं वानखेडे, बाहेरून का होईना. धाकटीला पेंग्विन. राणीबागेत हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१७पासून लोकांना बघायला मिळतात, हे तिला शाळेतल्या मैत्रिणीने सांगितलं होतं आणि तिची मुंबई तिथे सुरू होऊन तिथेच संपत होती. भीती काही नाही. सरांनी लिहिलं होतं बोरीबंदर, म्हणजे आजचं सीएसएमटी. "१६ एप्रिल १८५३ला तिथून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे मी इतकी वर्षं शिकवतो. त्या एका खेपेला टॅक्सीच्या गडबडीत नीट बघितलंच नाही." आजींना समुद्र. "बाकी काही दाखवू नका मला. समुद्र दावा अन् घरी आणा."

ताईंची दुसरी बाजू कोरी. "सगळ्यांचं नीट झालं की माझं झालं." हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की आता त्यावर मी काही बोलत नाही, नुसती थांबते. त्या दिवशी काहीच आलं नाही. चिठ्ठी कोरीच घेऊन गेल्या.

मग सतरातली तेरा ठिकाणं गळाली. सरांना ते जड गेलं. घारापुरी तर वाराचा प्रश्न नसता तरी गेली असती, धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बुधवारी रात्री लातूरहून निघायचं, गुरुवारी समुद्र, शुक्रवारी राणीबाग, शनिवारी बोरीबंदर आणि उरलेला वेळ रिकामा. रविवार टाळला, कारण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. पहिल्यांदा जाणाऱ्याला रिकामी गाडी सोपी वाटते, पण गाडीच नसली की गोंधळ होतो. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे लोकलने जायचं नाही, एवढी एकच अट घातली. सरांसाठी एक जास्तीची. टॅक्सीत बसल्या बसल्या मीटरकडे बोट दाखवायचं, आणि शहराच्या दक्षिण भागात रिक्षा शोधत फिरायचं नाही. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला त्या चालतच नाहीत.

राहायचं कुठे, हा वेगळाच विषय होता. डोंबिवलीला सरांचे मावसभाऊ, एक खोली आणि स्वयंपाकघर. "या की, घर तुमचंच आहे" असं ते प्रत्येक लग्नात म्हणतात. सरांनी ते धरलं होतं, ताईंच्या पोटात त्यानेच गोळा आला होता, आणि डोंबिवलीला त्या वहिनींची काय अवस्था झाली असेल ते मी नुसती कल्पना करू शकते. मी सरांना माझ्यासमोरच फोन लावायला सांगितला. मोकळेपणी सांगा, आम्ही पाच जण आहोत, आम्ही लॉज बघतोय, एका संध्याकाळी जेवायला येऊ का? पलीकडे क्षणभर शांतता. मग मावसभाऊ म्हणाले, "दादा, खरं सांगू का, पोरीचं दहावीचं वर्ष आहे…" दोन्ही घरांनी एकदमच श्वास सोडला असेल. दादरजवळ दोन खोल्या ठरल्या. एक तरी कमोडची हवी, ही अट सरांनी स्वतः फोनवर घातली. आईकडे न बघता.

राहिली तीन वाजताची भीती. तिला समजुतीने घालवता येत नाही. गंजगोलाईत घालवता येते. आमच्या लातूरच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सणाच्या आधीच्या बाजारात तिथे सुटलं की माणूस कुठल्या रस्त्याला लागला ते देवीलाच ठाऊक. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी हे सगळं कुटुंब तिथे मुद्दाम हरवायला गेलं. नियम दोनच. हरवलेल्याने हलायचं नाही, शोधणाऱ्याने फिरायचं. आणि लोकलमध्ये कुणी आतच राहिलं, तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभं राहायचं, बाकीच्यांनी मागच्या गाडीने तिथे यायचं. हे जमायचं तर बसायचं फक्त स्लो लोकलमध्ये. फास्ट गाडी पुढच्या स्टेशनला थांबेलच असं नाही.

हे मला अनुभवाने माहीत आहे. पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा दादरला गाडीत चढले आणि सायनला उतरायला दारात उभी राहिले. सायन आलं तसं गेलं. मी इतकी घाबरले की बाजूच्या कोळीणबाईचा हातच धरला. ती म्हणाली, "अगं फास्ट हाय ही. कुर्ल्याला उतर, परतीची स्लो पकड." बस, एवढंच होतं ते. आपण मनात ज्याला हरवणं म्हणतो ते मुंबईत रोज घडतं आणि त्याला दहा मिनिटं लागतात.

गोलाईत धाकटी तीनदा हरवली आणि तीनदा सापडली, चौथ्यांदा तिला कंटाळा आला. तिच्या खिशात दोघांचे नंबर कागदावर लिहून ठेवले, मोबाइल काय, बंद पडतो. रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ पाठ करून घेतला. निघायच्या दिवशी सकाळी सगळ्यांचा त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढायचा, हेही ठरलं. दोरी मात्र ताईंनी बॅगेत ठेवलीच. मी काही म्हटलं नाही. झोप हळूहळू परत येत होती. ती आली नसती, किंवा सहल रद्द करूनही छातीतली धडधड तशीच राहिली असती, तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मी तसाही प्रत्येकाला देते.

शेवटच्या भेटीत ताईंनी ती कोरी चिठ्ठी परत दिली. आता तीवर लिहिलेलं होतं, दादरचा फूलबाजार. त्यांचे वडील झेंडू लावायचे. दसऱ्या-दिवाळीला क्रेट भरून टेम्पो रात्री निघायचा, आणि घरात दोन दिवस एकच वाक्य ऐकू यायचं, "दादरला आज काय भाव निघाला?" ताईंसाठी दादर म्हणजे गाव नव्हतं, तो एक आकडा होता. कधी हसवणारा, बहुतेक वेळा वडिलांना न जेवता झोपवणारा. वडील स्वतः कधी तिथे गेले नाहीत, आणि आता ते नाहीत.

पाडवा उलटल्यावर ताई पेढे घेऊन आल्या. फूलबाजार पहाटेच भरतो, त्यामुळे दादरला उतरून बॅगा खोलीत टाकल्या आणि आधी तिथेच. ताईंनी पहिल्याच ढिगाऱ्याशी झेंडूचा भाव विचारला. काय सांगितला ते मी विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत.

दुपारी चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटीला जायचं होतं. ताई, आजी, मुलगी बायकांच्या डब्यात, सर आणि मुलगा शेजारच्या जनरलमध्ये. फलाटावर सगळे उतरले आणि गाडी हलली. सर आत. कुणा म्हाताऱ्याची पिशवी फळीवरून काढून देत होते म्हणे. "मॅडम, मी ओरडणार होते. पण आमचा पोरगा मला म्हणाला, आई, हलू नको, पप्पांना नियम माहितीये." तो मोठ्याने म्हणाला, आणि सगळे बघत होते.

मागची स्लो गाडी पाचेक मिनिटांत आली. मरीन लाइन्सला सर इंडिकेटरखाली शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावं तसे ताठ उभे होते. परत चर्नी रोडला जायचा कुणाला उत्साह नव्हता, आणि गरजही नव्हती. स्टेशनबाहेर रस्ता ओलांडला की समोर समुद्रच आहे.

आजी कठड्यावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, तेव्हा त्या पहाटे चारला कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. ताई म्हणाल्या, आजींनी एकदा इकडून तिकडे सगळा समुद्र बघून घेतला आणि सरांना विचारलं, "हे सगळं खारंच हाय व्हय रे?"

मग पाण्याची बाटली मागितली आणि अर्धी पिऊन टाकली.