जुनी मशीन, आईचे गुडघे आणि रोजचा वाद

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या, दुकानासाठी नवा संगणक घ्यावा हा तुझा आग्रह, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या मुदत ठेवीला हात लावू न देण्याचा वडिलांचा निर्धार, आणि आरोग्यविम्यावरून रोज रात्री जेवताना उडणारे खटके, हे सारे तू मोकळेपणाने लिहिलेस. माझे मत आधीच सांगून टाकतो. संगणकाच्या बाबतीत कमी खर्चाच्या वाटा आहेत आणि थोडी सवडही आहे. विम्यात मात्र उशीर झाला तर तो भरून निघत नाही. म्हणून आधी विमा, मग आहे त्या मशीनची डागडुजी, आणि नवी खरेदी सर्वांत शेवटी.

वडील जुन्या मशीनला कवटाळून बसले आहेत, असे तू लिहितोस. ते का, हे एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहा. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि तुमच्या दुकानातल्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका हे सारे त्यात, युनिकोडपूर्व फाँटमध्ये (युनिकोड म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत) पडून आहे. त्या फाइलींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर सुट्या खुणांसारखे साठवलेले असतात, तर युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे लागतो. रूपांतर करताना एखादा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षर फुटते, आणि जाडजूड स्मरणिकेची प्रुफे पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी लागतात. ते वाचन आजवर तुझ्या वडिलांनी केले आहे. त्यांच्या नकाराला तू अडाणीपणा म्हणू नयेस, असे मला मनापासून वाटते.

तुझी काळजीही रास्त आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेतल्या ज्या त्रुटी पुढे सापडतील त्या आपोआप बुजवल्या जाणार नाहीत. ज्या मशीनवर दहा गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, तिच्यावरूनच बँकेचे व्यवहार करणे मला अजिबात मान्य नाही. तेव्हा ती जुनी मशीन फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवा आणि तिचे इंटरनेट कायमचे काढून टाका. दुकानातल्या दुसऱ्या मशीनमध्ये प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल, तर तिच्यावर विंडोज ११ चालेल. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, बसवली आणि रॅम वाढवली, की तिचा वेग तुला जाणवेल इतका सुधारेल. प्रोसेसर त्याहून जुना निघाला, तर ईमेल आणि बँकेच्या कामापुरते विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून घे. एवढ्याने भागत असताना ठेव मोडण्याचे कारण मला दिसत नाही.

आता दवाखान्याचा विषय, आणि इथे तुम्ही दोघेही अर्धेच पाहत आहात. आज विमा काढला म्हणून आईची शस्त्रक्रिया पुढच्या दिवाळीत विम्यातून होईल, ही तुझी समजूत चुकीची आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी प्रतीक्षाकाळ लावू शकते, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा खर्च ती देत नाही. त्याची कमाल मर्यादा २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, आणि सांधेबदलासारख्या शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत वेगळा प्रतीक्षाकाळ असतोच. गुडघ्याचे दुखणे अर्जात लपवू नकोस. नाहीतर दावा नेमका गरजेच्या वेळी नाकारला जाईल. म्हणजे गुडघ्यासाठी वडिलांची ठेवच कामी येणार आहे. पण हृदयविकार किंवा पक्षाघात ठेवीची मुदत पाहून येत नाही, आणि प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात होते ती पॉलिसी घेतल्या दिवसापासून. हप्त्यावर १८ टक्के कर जातो ही वडिलांची तक्रार आता उरलेली नाही. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. हे त्यांना वादात जिंकण्यासाठी नव्हे, हिशेबाला बसाल तेव्हा सांग.

ठेवीला हात लावण्याआधी रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या (राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेतल्या) रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांना योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला, भेट. आईची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, आणि सरकारी रुग्णालयातच करावी लागेल का, हे त्याच्याकडूनच समजून घे; शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नकोस. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. तुम्ही उत्पन्नाच्या मर्यादेत बसता का ते विचारायला संकोच कसला? तो कायद्याने दिलेला हक्क आहे. खासगी रुग्णालयात जायचे ठरले, तर खर्चाचा अंदाज लेखी माग आणि कृत्रिम सांध्याची किंमत त्यात वेगळी लिहून घे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने या सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती करांखेरीज ५४,७२० रुपये होती. हा आकडा माहीत असलेल्या माणसाशी बिलाबद्दल बोलणे वेगळे होते.

आणखी एक सांगायचे राहिले. गुडघा आईचा आहे, पण तुझ्या चार पानी पत्रात तिचे मत कुठेच आले नाही. शस्त्रक्रिया तिला कधी हवी आहे, की अजून व्यायाम आणि औषधांवर चालवायचे आहे, हे तिला विचार आणि मला कळव. या रविवारी जुन्या मशीनवरच्या सगळ्या फाइली एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घे, आणि त्या कामाला वडिलांना सोबत घे. कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे हे त्यांनाच ठाऊक आहे.

तुझा,
काका