अभयारण्य जाहीर केलं की तिथली जैवविविधता काळाच्या ओघात खरंच टिकते का?

टिकते, पण कुठं काय राखायचं हे कळलं तर. नुसतं कुंपण घालून माणसं-गुरं बाहेर काढली की झालं, हे मला अजिबात पटत नाही.

मी कासच्या पठाराजवळच्या गावची. कास अभयारण्य नाही, राखीव वन आहे, पण प्रश्न तोच. आमच्या आबांच्या दावणीला सात म्हशी होत्या, पावसाळ्यात त्या सड्यावर चरायच्या. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर बोट-दोन बोटं माती. त्या मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद ही वीतभराची फुलं येतात. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारशात गेल्या, त्यात कासही होतं. पुढं गर्दी वाढली, जाळीचं कुंपण आलं, चराई बंद झाली. आबांनी पाच म्हशींना बाजार दाखवला.

माझा चुलत भाऊ तेव्हा पर्यटकांना फुलं दाखवायचा. म्हणाला, "अक्का, म्हशी फुलं तुडवतात, खातात. बंदी बरोबरच आहे." मी म्हटलं, म्हशीचं तोंड गवताला जातं, गवत कमी झालं म्हणून तर बारक्या फुलाला ऊन मिळतं. त्यावरून इतकं वाजलं की त्या साली गौरीला तो आमच्याकडं जेवायला आला नाही. आबा मात्र काही बोलले नाहीत. रिकाम्या गोठ्याच्या दारात बसायचे.

काही वर्षांनी, आबा जिथं काठी टेकून बसायचे, तिथं गुडघाभर गवत होतं. जांभळी चादर दिसायची तिथं आता ठिपके दिसत होते. पुढं कुंपण काढलं, पण आमच्या गोठ्यात तोवर एकही म्हैस उरली नव्हती.

कोयना अभयारण्य (423.55 चौ.किमी) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (317.67 चौ.किमी) वेगळी. तिथं दाट झाडी आहे, माणसाचा वावर थांबल्यानं ती सावरते. 2010 पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. पण तिथंही उठवलेल्या गावांच्या शेतांची गवताळ रानं झाली, गवे त्यांवरच चरतात. ती राखली नाहीत तर झुडपं वर येतात. म्हणून कुठल्याही जागेबद्दल किती चौरस किलोमीटर राखले एवढंच विचारू नका. दहा वर्षांपूर्वी काय उगवायचं आणि आज काय उगवतं, ते विचारा. ते सगळ्यात आधी गुराख्याला विचारा.

हेही खरं की पाऊस दरवर्षी वेगळा पडतो आणि टोपली कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं, त्यामुळं एका हंगामावरून निकाल देऊ नये. कुंपणानं पर्यटकांचे पाय अडवले, तेही मान्य. आणि सातच्या जागी सत्तर म्हशी असत्या तर मीही बंदीच मागितली असती.

भाऊ आता पाहुण्यांना सांगतो, थोडी चराई हवीच. दोन वर्षांपूर्वी मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. आबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.