कचऱ्यापासून केलेल्या इंधनात जैविक भाग किती आहे, हे खात्रीने कसे मोजावे?

आपण विचारले आहे की, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आपल्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोळशाबरोबर आरडीएफ, म्हणजे सुक्या कचऱ्यापासून केलेले इंधन, जाळले जाते आणि पुरवठादार ते '५० टक्के जैविक', म्हणजे कागद, लाकूड, सूत अशा सजीवांपासून आलेल्या मालाचे, असल्याचे लिहून देतो, तर हा आकडा तपासायचा कसा? मी महापे येथील एका प्रयोगशाळेत अशा इंधनांची तपासणी करतो, त्यामुळे रोज हाताखालून जाणाऱ्या गोष्टीच सांगतो.

सर्वप्रथम पुरवठादाराला विचारा की, हे ५० टक्के कशाचे आहेत? समजा, एका ढिगात निम्म्या वजनाचा कोरडा कागद आणि निम्म्या वजनाचे पॉलिथीन आहे. वजनाच्या हिशेबाने जैविक भाग ५० टक्के झाला. परंतु कागदातील सेल्युलोजमध्ये कार्बन सुमारे ४४ टक्के आणि पॉलिथीनमध्ये सुमारे ८६ टक्के असतो, म्हणून कार्बनच्या हिशेबाने तोच भाग ३४ टक्क्यांवर येतो. आणि किलोमागे कागदातून साधारण १७, तर पॉलिथीनमधून साधारण ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, असे धरले तर उष्णतेच्या हिशेबाने तो जेमतेम २८ टक्के उरतो. कर्बवायूच्या उत्सर्जनाचा अहवाल द्यायचा असेल तर आपल्याला कार्बनचाच आकडा हवा.

मोजण्याच्या तीन पद्धती आयएसओ २१६४४ या आंतरराष्ट्रीय मानकात दिल्या आहेत. हाताने निवडून वेगळे करण्याची पद्धत कांडलेल्या, दाबलेल्या मालाला चालत नाही, म्हणून ती सोडून देतो. दुसरी विद्रावणाची: वाळवून दळलेला नमुना ७८ टक्के गंधकाम्लात आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवायचा, जे विरघळले ते जैविक, जे उरले ते खनिज तेलापासूनचे, असे मानायचे. शाळेच्या गणवेशाच्या टेरिकॉटचा तुकडा यात टाकला की सूत विरघळते आणि पॉलिएस्टरचे धागे गाळणीवर राहतात. इतके नेमके उत्तर पाहून समाधान वाटते. मात्र त्याच पिशवीत नायलॉनची दोरी असेल तर तीही विरघळते आणि जैविकात मोजली जाते, तर नैसर्गिक रबर आणि लाकडी कोळसा न विरघळल्यामुळे उलट बाजूला जातात. चिंध्या आणि दोऱ्या जास्त असलेल्या मालासाठी या पद्धतीवर माझा विश्वास नाही.

तिसरी पद्धत कार्बन-१४ ची, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराची. सजीवांच्या कार्बनमध्ये साधारण एक लाख कोटी अणूंमागे एक अणू कार्बन-१४ चा असतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा होण्याचा काळ, ५७३० वर्षे असल्याने कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या तेलात आणि कोळशात तो मुळीच उरलेला नसतो. त्यामुळे नायलॉन असो की रबर, फसगत होत नाही. एक दुरुस्ती मात्र करावी लागते. १९६३ च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता, म्हणून त्या काळात वाढलेल्या झाडाचे लाकूड, उदाहरणार्थ पाडलेल्या इमारतीच्या चौकटी, कालच्या वर्तमानपत्रापेक्षा जास्त आकडा दाखवते. हे मोजणारी त्वरकयंत्रे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहेत.

तरीही खरी चूक यंत्रात नव्हे, नमुना घेताना होते. ढिगाच्या वरून दोन फावडी भरून आणली की हलक्या पिशव्याच येतात. ओला कागद आणि बारीक चुरा तळाशी राहतो, पावसाळ्यात तर फारच. माल पट्ट्यावरून पडत असताना, ठरावीक वेळाने, प्रवाहाच्या पूर्ण रुंदीतून नमुना घ्यावा. मग तो दळून काही मिलिग्रॅमवर आणायचा असतो, आणि दळताना प्लास्टिक तापून गोळा होऊ नये म्हणून द्रव नायट्रोजनने थंड करावे लागते.

आपल्यासाठी मी धुराड्यातील वायूचा नमुना सुचवेन. आयएसओ १३८३३ मध्ये त्याची रीत आहे. भट्टीत सगळा माल जळून एकजीव झालेला असतो, त्यामुळे काही आठवडे सावकाश गोळा केलेला वायू हजारो फावड्यांचे काम करतो. मात्र आपण कोळसाही जाळता, तेव्हा मिळणारा आकडा दोन्ही इंधनांचा मिळून असेल. त्यातून आरडीएफचा वाटा काढायचा तर त्या काळात रोज किती कोळसा आणि किती आरडीएफ भट्टीत गेले, त्यांचे वजन, ओलावा आणि कार्बनचे प्रमाण वहीत नोंदलेले हवे. ब्रिकेटही, म्हणजे शेतातील काडीकचरा दाबून केलेले ठोकळेही, घालत असाल तर त्यांची नोंद वेगळी ठेवा, कारण त्यांचा कार्बन जैविक असतो आणि तो पुरवठादाराच्या खात्यात जमा व्हायला नको.