एडिनबरोहून लहान मुलांना घेऊन एका दिवसात स्कॉटलंडमधलं कुठलं जुनं खेडं बघता येईल?

फाइफमधलं कुरॉस बघा. क्वीन्सफेरी क्रॉसिंग या पुलावरून गाडीने साधारण तासाभरात पोचता. गाडी नसेल तर एडिनबरोच्या वेव्हर्ली स्टेशनवरून रेल्वेने डनफर्मलिन, पुढे बस. रविवारी बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

बाबागाडीपेक्षा बाळाला पाठीवर घ्यायचं कॅरियर न्या. मर्केट क्रॉसकडे, म्हणजे जुन्या बाजारातल्या दगडी खांबाकडे, चढणाऱ्या गल्ल्या गोट्यांच्या आहेत; चाकं अडकतात आणि पावसात दगड चांगलेच निसरडे होतात. गल्लीच्या मधोमध मोठ्या दगडांची उंच पट्टी दिसेल. पूर्वी तिच्यावरून फक्त प्रतिष्ठितांनी चालायचं, बाकीच्यांनी कडेच्या पाण्याचिखलातून. मुलांना हे जरूर दाखवा, जुना समाज त्यांना तिथेच कळतो.

पिवळ्या रंगाचा कुरॉस पॅलेस सर जॉर्ज ब्रूसने 1597 ते 1611 दरम्यान बांधला. फोर्थ खाडीच्या तळाखालून कोळसा काढणारा हा माणूस मिठाचाही व्यापारी होता. आत लाकडी छतांवरची रंगीत चित्रं अप्रतिम आहेत, त्यासाठी वर बघत चाला. जिने मात्र अरुंद आहेत. हिवाळ्यात जाणार असाल तर उघडण्याचे दिवस तपासा.

एक चूक हमखास होते: पॅलेस नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे, तर स्टर्लिंगचा किल्ला हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या वेगळ्या संस्थेकडे. एकाचं सदस्यत्व दुसरीकडे चालेल असं धरू नका.

1217 सालच्या मठाचे अवशेष टेकडीवर आहेत. चढ खडा आहे, तेव्हा मुलं दमण्याआधी तिथे जाऊन या.