एका हाताचा हिशेब

पोरी,

अनेक आशीर्वाद. किशोरवयीन पोरापोरींसाठीच्या सरकारी मैत्री क्लिनिकला समुपदेशक म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. पोरांची मारामारी हा पोलिसांचा विषय, त्यावर आरोग्य खात्याने पैसे का घालायचे, असं बैठकीत विचारल्यावर तू गप्प बसलीस म्हणे. म्हणून लिहितेय.

पुढच्या वेळी एका हाताचा हिशेब मांड. अंगावर आलेला कोयता पोरगा उघड्या हाताने धरतो. बोटं मिटवणारे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, तळव्यातच तुटतात. जखम लहान दिसते. पण ऑपरेशन होतं, मग कित्येक आठवडे हात पट्टीत, मग महिनोन्महिने फिजिओथेरपी. शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्याला कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायचं म्हणजे दर खेपेला खाडा. दोन-चार खेपा होतात, मग तो यायचा बंद होतो. बोटं आखडतात, पाना धरवत नाही, काम सुटतं. आईचे खाडे, उसनवारी, कोर्टाच्या तारखा, यातलं काहीच केसपेपरवर चढत नाही. खर्च होतोच आहे गं, फक्त कुणी मोजत नाही.

ब्रिटनमधल्या कार्डिफला जोनाथन शेफर्ड नावाच्या सर्जननी हे मोजायला घेतलं. टाके घालायला येणारे कितीतरी जण पोलिसांकडे जातच नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. मग केसपेपर काढतानाच विचारायचं: कुठे झालं, कधी, कशाने? नावं वगळून ती माहिती पोलिसांना आणि पालिकेला द्यायची, आणि बंदोबस्त नेमका तिथे लावायचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात त्यावरच्या १ पौंडामागे समाजाचे ८२ पौंड वाचलेले दिसले. तिथली भांडणं बरीचशी दारूच्या अड्ड्यांभोवतीची. आपल्याकडे मोबाईलच्या स्टेटसवरून, मंडळाच्या वर्चस्वावरून पेटतं. त्यामुळे ८२चा आकडा इथे मिरवू नकोस, पद्धत तेवढी घे. आपल्याकडे एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, एकेक केस पोलिसांना कळतेही, पण सगळ्यांचा एकत्र हिशेब रजिस्टरमध्येच राहतो.

हे आपलं कामच नाही, असं कुणी म्हटलं तर सांग की २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात हिंसा हा विषय आधीपासून आहे.

एक मात्र पैशात मांडता येणार नाही. टाके पडत असतात तेव्हा बाहेर मोटारसायकलींवर पाच-सहा जण 'बघून घेऊ' म्हणत थांबलेले असतात. त्या पोराशी त्याच रात्री बोल. उपदेश नको. बाहेर कोण थांबलंय, घरी कोण आहे, उद्या कामावर काय सांगणार, एवढंच विचार. ड्रेसिंगला येईल तेव्हा पुन्हा भेट. नाही आला तर फोन कर.

आणि अपघात विभागातल्या रात्रपाळीच्या सिस्टरांशी आधी ओळख काढ. कोणता पोरगा दुसऱ्यांदा आलाय, हे त्यांना तोंड बघून कळतं.

तुझी,
सिस्टर